मूळव्याध: घरी काय करायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं

संडासात रक्त दिसलं की माणूस आधी घाबरतो आणि मग गप्प बसतो. बायकोला सांगत नाही, आईला सांगत नाही, डॉक्टरकडे जायचं तर नावच नको. औषधाच्या दुकानात गर्दी कमी व्हायची वाट बघतो आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, “भाऊ, ते बसाच्या जागेवर लावाचं मलम द्या ना.” दुकानदारही जास्त काही विचारत नाही, ट्यूब कागदात गुंडाळून देतो. सक्करदऱ्यापासून सदरपर्यंत नागपुरात कुठंही हेच चालतं. बायकांचं तर त्याहून अवघड आहे. त्यांना मलम आणायलाही कुणाला तरी पाठवावं लागतं, आणि कुणाला सांगावं या विचारात महिने निघून जातात.

या संकोचाने दोन प्रकारचं नुकसान होतं. साधी मूळव्याध, जी खाण्यापिण्यात आणि संडासच्या सवयीत बदल केला तर बहुतेक वेळा आटोक्यात येते, ती वाढत जाते. आणि जे मूळव्याध नसतंच, त्यावर महिनोन्महिने मूळव्याधीचं मलम चोळलं जातं. म्हणून घरचे उपाय सांगण्याआधी आत नेमकं काय होतं ते समजून घेऊ.

आत काय असतं, काय बिघडतं

गुदद्वाराच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ उशा असतात. त्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. मुख्य तीन: एक डावीकडे, दोन उजवीकडे. नळाची तोटी बंद केल्यावर पाणी ठिबकू नये म्हणून आत वॉशर असतो, तसं या उशांचं काम आहे. स्नायू दार बंद करतो आणि उशा उरलेली फट भरून काढतात. विश्रांतीच्या वेळी गुदद्वार बंद ठेवणाऱ्या दाबापैकी 15 ते 20 टक्के वाटा या उशांचा असतो. खोकलताना, शिंकताना, जड वस्तू उचलताना आपले कपडे खराब होत नाहीत, त्यात त्यांचाही हात आहे.

रोज कुंथावं लागलं, खडा झालेला मल पुढे सरकवताना जोर लावावा लागला, तासभर संडासात बसून राहिलं, की या उशा रक्ताने फुगतात आणि त्यांना जागेवर धरून ठेवणारे तंतू ढिले पडतात. मग त्या खाली घसरतात, घासल्या जातात, त्यातून रक्त येतं. ही झाली मूळव्याध. वारंवार जुलाब होणाऱ्यांनाही ती होते, कारण तिथेही सारखं बसणं आणि जोर लावणं आलंच.

गुदमार्गात एक सीमारेषा असते. तिच्या वरच्या भागाला टोचल्याचं, कापल्याचं दुखणं कळत नाही. खालची त्वचा मात्र अतिशय हळवी असते. त्यामुळे आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. लालभडक, ताजं रक्त थेंबाथेंबाने किंवा पिचकारीसारखं येतं आणि माणूस भांडं बघून हादरतो, पण वेदना जवळपास नसते. या आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या डॉक्टर मानतात. पहिलीत फक्त रक्त येतं, कोंब (म्हणजे खाली घसरलेली उशी) बाहेर येत नाही. दुसरीत जोर लावताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो. चौथीत तो आत जातच नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर घरच्या उपायांचा खूप उपयोग होतो. तिसरीतही त्रास कमी होतो, पण घसरलेला कोंब कायमचा जागेवर बसत नाही. चौथीत डॉक्टरांशिवाय इलाज नाही.

बाहेरच्या मूळव्याधीचं वागणं वेगळं. एखाद्या दिवशी अचानक गुदद्वाराच्या कडेला वाटाण्याएवढी, निळसर, टणक गाठ येते आणि बसणंसुद्धा कठीण होतं. तिथल्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झालेली असते. पहिले दोन-तीन दिवस दुखणं सर्वांत जास्त असतं, मग हळूहळू कमी होत आठ-पंधरा दिवसांत गाठ विरघळते. दुखणं अगदी सहन होत नसेल तर पहिल्या 72 तासांत सर्जनकडे जावं. तेवढ्या वेळात गाठ काढून टाकली तर चटकन आराम पडतो. त्यानंतर गेलात तर बहुधा थांबायलाच सांगतात, कारण ती तोवर स्वतःच उतरायला लागलेली असते.

ज्याला आपण मूळव्याध म्हणतो ते दुसरंच काही असेल तर

ही शंका मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे शौचाच्या जागेच्या कुठल्याही तक्रारीला ‘पाइल्स झाली’ म्हणून मोकळं होतात.

शौचाला बसताना ब्लेडने कापल्यासारखं दुखत असेल, आणि उठल्यावरही तास-दोन तास आग आणि ठणका राहत असेल, तर ती बहुधा फिशर असते. म्हणजे त्वचेला पडलेली चीर. कडक मलाने ती पडते, बहुतेकदा मागच्या बाजूला मधोमध. रक्त थोडंसंच येतं, मलावर रेघ ओढल्यासारखं. दुखतं म्हणून माणूस शौच रोखून धरतो, रोखल्यामुळे मल आणखी कडक होतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा फाटते. मल मऊ ठेवणं आणि कोमट पाण्यात बसणं हे फिशरलाही लागू पडतं. नवी चीर बहुतेक सहा-आठ आठवड्यांत भरते. पण स्नायू सैल करणारं मलम लागलं तर ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं असावं.

गुदद्वाराजवळ छोटं छिद्र असेल, त्यातून अधूनमधून पू येत असेल, फोड येऊन फुटत असेल, तर ते भगंदर. त्याला घरचा उपाय नाही. आणि तिथे सूज, ठणका आणि सोबत ताप असेल तर आत गळू झालेलं असू शकतं. मग सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. मधुमेही माणसाने तर एक रात्रही काढू नये.

चौथी शक्यता बोलायला कुणालाच आवडत नाही. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे गुदाशयाचा कॅन्सरही सुरुवातीला रक्तानेच दिसतो. आपल्या देशात तो तरुणांनाही होतो, आणि ‘पाइल्सच आहे’ म्हणून निदान लांबतं. त्यामुळे ही लक्षणं नीट लक्षात ठेवा. रक्त मलात मिसळून येतं किंवा काळसर असतं, मल डांबरासारखा काळा आहे, शेंबडासारखा स्राव येतो, पोट साफ झाल्यासारखं वाटतच नाही, बद्धकोष्ठ आणि जुलाब आलटूनपालटून सुरू झालेत, वजन उतरतंय, थकवा येतोय, हिमोग्लोबिन कमी निघालंय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता. यातलं एकही असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवा. वयाची चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच रक्त दिसलं असेल, तर बाकी काही नसलं तरी तपासून घ्या. (लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो आणि बीट खाल्लं की लालसर दिसतो. तेवढं आठवून बघा, पण त्यावर समाधान मानून बसू नका.)

तपासणीची भीती तपासणीपेक्षा मोठी असते. डाव्या कुशीवर झोपवतात, हातमोजा घालून बोटाने तपासतात, मग एक छोटी नळी घालून उजेडात बघतात. पाच मिनिटांचं काम. नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी ओपीडीत हे रोजचंच आहे. स्त्रियांनी स्त्री डॉक्टर मागायला अजिबात संकोचू नये. एकदा ‘ही मूळव्याधच आहे, अमुक पायरीची’ असं कळलं, की पुढचं सगळं निर्धास्तपणे घरी करता येतं.

खरं औषध ताटात आहे

मूळव्याधीचा घरचा इलाज एका वाक्यात सांगायचा तर मल मऊ आणि भरीव हवा, म्हणजे तो जोर न लावता बाहेर येतो. ही किमया चोथ्याची, म्हणजे फायबरची. चोथा पचत नाही, पाणी धरून ठेवतो आणि मलाला फुगवतो. मूळव्याधीवर चोथ्याच्या परिणामाच्या सात चाचण्यांचे, 378 रुग्णांचे निष्कर्ष कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी 2005 साली एकत्र मांडले. चोथा घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नाचे तक्ते काढले. त्यात 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम चोथा दिला आहे, कणकेत 11, तूरडाळीत 9, पांढऱ्या पेरूत साडेआठ, आणि अख्ख्या हरभऱ्यात तब्बल 25. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात तीनच्याही आत. आता हिशोब करून बघा. ज्वारीच्या दोन मध्यम भाकरींना 120 ग्रॅम पीठ लागलं तर 12 ग्रॅम झाले. वाटीभर वरणाचे अडीच. एका पेरूचे आठ-नऊ. अंबाडी, मेथी, पालक, चवळी यांपैकी एखाद्या पालेभाजीचे तीन-चार. झाले की नाही 26-27? यात एकही वस्तू बाहेरून मागवावी लागली नाही. आपल्या आज्या वावरातून येऊन हेच खायच्या. आपल्या ताटातून मात्र भाकरी गेली, भात आणि मैदा वाढला, आणि पेरूची जागा बिस्किटाच्या पुड्याने घेतली.

सकाळच्या तर्री पोह्यांचं काय, हा प्रश्न नागपुरात येणारच. नुसत्या पोह्यांत चोथा फारसा नसतो. पण तर्रीतले काळे चणे उत्तम. तेव्हा ठेल्यावर सांगा की वरचा तेलाचा तवंग नको, चणे जास्त टाक. वर कांदा आणि सांभार (कोथिंबीर) घ्या. पोहे सोडायची गरज नाही.

मिरचीवर जरा थांबू, कारण मूळव्याध झाली की घरात पहिली बंदी तिखटावर येते. इटलीत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूळव्याधीच्या रुग्णांना तिखटाची कॅप्सूल आणि खोटी कॅप्सूल देऊन बघितलं. त्रासात फरक पडला नाही. फिशरवर असाच अभ्यास 2008 साली आपल्या नागपुरातच झाला आणि त्याचा निष्कर्ष उलटा निघाला. तिखटाच्या कॅप्सूलने फिशरच्या रुग्णांची आग आणि दुखणं वाढलं होतं. म्हणजे चीर पडली असेल, जखम ओली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर तिखट कडकडीत बंद. साध्या, न दुखणाऱ्या मूळव्याधीत भाजीला घातलेल्या भिवापुरी मिरचीला सगळा दोष देऊ नये.

सावजीचं जेवण थोडं वेगळं तपासावं लागतं. रात्री उशिरा मटण, रस्सा, भात, सोबत भाजी नाही, कोशिंबीर म्हणून कांद्याच्या दोन फोडी, आणि अनेकांच्या बाबतीत दारू. दारूने शरीरातलं पाणी जातं, ताटात चोथा नसतो, दुसऱ्या दिवशी एक तर पोट बिघडतं नाही तर खडा होतो. दोष मसाल्यापेक्षा या सगळ्या जोडणीचा आहे. कधीमधी खायचंच असेल तर लवकर खा, ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा पालेभाजी ठेवा. कोंब सुजलेला असताना मात्र सावजीकडे जाऊ नका.

संत्री तर आपल्या दारातली. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. संत्र्याचा चोथा फोडीच्या पातळ सालीत आणि आतल्या पांढऱ्या धाग्यांत असतो. रस काढून गाळला की तो गाळणीत राहतो. म्हणून रस पिण्यापेक्षा फोड अख्खी खावी, सालीसकट. याच पांढऱ्या भागातून 1828 साली लब्रेटन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. मूळव्याधीत डॉक्टर जी डायोस्मिन आणि हेस्पेरिडिनची गोळी लिहून देतात, ती याच कुळातली. त्या गोळीने रक्तस्राव आणि सूज कमी व्हायला मदत होते. पण संत्र्याची साल उकळून प्यायल्याने गोळीचं काम होत नाही, कारण गोळीतलं प्रमाण आणि प्रक्रिया वेगळी असते. कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ताटातून चोथा पुरत नसेल तर इसबगोल. रात्री एक ते दोन चमचे भुशी मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी, घट्ट व्हायच्या आत, आणि वर आणखी थोडं पाणी. कोरडी भुशी तोंडात टाकून घोटभर पाणी पिणं धोक्याचं आहे, ती घशात फुगून अडकू शकते. पहिले काही दिवस पोट फुगतं, वारा सरतो, म्हणून अर्ध्या चमच्याने सुरुवात करावी. थायरॉइड, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. आणि धीर धरा. रोज घेतलं तर फरक जाणवायला काही आठवडे, कधी सहा आठवडेही लागतात. चार दिवसांत रक्त थांबलं नाही म्हणून डबा फडताळात ठेवून देणारे पुष्कळ आहेत.

बाजारातल्या रेचक चूर्णांचं काम वेगळं असतं. त्यांतल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला ढोसून काम करवते. एखाद्या दिवशी घेतलं तर ठीक, रोज रात्री घ्यायची सवय नको. मल मऊ करायला औषध लागलंच तर लॅक्ट्युलोजसारखं पाणी ओढून घेणारं औषध डॉक्टरांना विचारून घ्यावं. आयुर्वेदात मूळव्याधीसाठी ताक आणि सुरण सांगितलं आहे. दोन्ही खुशाल खा. सुरण चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलं की खवखवत नाही, आणि त्यात चोथाही आहे.

चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर उलट अडकतं. नागपूरच्या उन्हाळ्यात हे फार होतं. पारा 45 च्या घरात गेलेला, नवतपा सुरू, दुपट्टा बांधून गाडीवर फिरणं, घामाने अंगातलं पाणी जातं. शरीराला पाणी कमी पडलं की मोठं आतडं मलातलं पाणी शोषून घेतं, आणि मल खडा होतो. लघवी पिवळीजर्द होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. मठ्ठा, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, लिंबूपाणी, सगळं चालतं. चहाचे सात-आठ कप म्हणजे पाणी नव्हे. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असणाऱ्यांनी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

संडासातली दहा मिनिटं

पाच मिनिटं, फार तर दहा. त्याहून जास्त बसायचं नाही. कमोडवर बसलं की खालून आधार नसतो, उशा लोंबकळत राहतात आणि त्यांत रक्त साठतं. हातात मोबाइल असला की पाच मिनिटांची वीस होतात. बोस्टनमधल्या संशोधकांनी 2025 साली 125 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संडासात फोन वापरणाऱ्यांमध्ये मूळव्याधीची शक्यता 46 टक्क्यांनी जास्त दिसली. अभ्यास छोटा आहे, फोनमुळेच झाली असं त्यातून सिद्ध होत नाही. तरीही फोन बाहेर ठेवायला काही पैसे पडत नाहीत. पेपर वाचत बसणाऱ्या काकाजींनाही हेच लागू.

कळ आली की जा, कळ नसताना जाऊन जोर करू नका. सकाळी चहा किंवा नाश्ता झाल्यावर आतडं आपोआप हलतं, ती वेळ धरली तर शरीराला सवय लागते. पायांखाली सात-आठ इंचांचा पाट किंवा स्टूल घेतलं, गुडघे कमरेच्या वर आले, थोडं पुढे झुकलं, की आतला कोन सरळ होतो आणि मल सहज उतरतो. भारतीय पद्धतीच्या संडासात हा कोन आपसूक मिळतो. पण गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यासाठी उकिडवं बसवू नका. कमोड आणि पाट पुरेसं आहे.

कळ दाबून ठेवणं हा मोठा प्रश्न आहे आणि तो सगळ्यांच्या हातात नसतो. पहाटे कॉटन मार्केटला भाजी घ्यायला आलेली बाई, दिवसभर ऑटो चालवणारा, बंदोबस्ताला उभी पोलीस शिपाई, दुकानात बारा तास उभी मुलगी. यांना धड स्वच्छ संडास मिळत नाही म्हणून त्या पाणीही कमी पितात. त्यांना ‘कळ दाबू नका’ एवढंच सांगून भागत नाही. अशांनी घरून निघायच्या अर्धा तास आधी गरम काहीतरी पिऊन खाऊन शौचाची वेळ बसवावी, आणि रात्रीच्या जेवणात चोथा जास्त ठेवावा. आणि मालकांनी कामाच्या ठिकाणी बायकांसाठी कडीचा, पाण्याचा संडास दिलाच पाहिजे.

खर्रा. ‘खर्रा तोंडात टाकल्याशिवाय होतच नाही’ असं म्हणणारे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. तंबाखूतल्या निकोटिनने आतडं ढवळलं जातं हे खरं. पण त्याच खर्ऱ्यातल्या सुपारीने तोंडाची त्वचा आवळत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. मग भाकरी चावता येत नाही, पेरू खाता येत नाही, माणूस भात-वरणावर येतो आणि बद्धकोष्ठ वाढतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. खर्ऱ्याऐवजी सकाळी कोमट पाणी आणि चालणं, ही सवय लागायला वेळ लागतो, पण लागते.

दुखतं तेव्हा

कोमट पाण्यात बसणं हा दुखण्यावरचा सगळ्यात चांगला उपाय. टबमध्ये किंवा स्वच्छ घमेल्यात कमरेखालचा भाग बुडेल इतकं पाणी घ्या, दहा-पंधरा मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः शौचानंतर. आवळलेला स्नायू सैल होतो. पाण्यात मीठ, तुरटी, जंतुनाशक काहीही टाकायची गरज नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून पोळणारं येतं, ते तसंच घेऊ नका. कोपर बुडवून बघा. बसून उठल्यावर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. शौचानंतर साधं पाणी पुरे. जेट स्प्रेचा जोरदार फवारा नको, साबण नको.

बाहेरची गाठ सुजली असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. थेट त्वचेवर बर्फ ठेवू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, आणि रक्त येत असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळलेल्या बऱ्या. मलमाने आग आणि खाज कमी होते, मूळव्याध जात नाही. स्टेरॉइड असलेलं मलम आठवड्यापेक्षा जास्त लावलं तर त्वचा पातळ होते. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करण्याची दुसरी गोळी सुरू असेल तर रक्त दिसलं म्हणून ती स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

चुना, तेजाब, कुठलाही क्षार, लसणाची पेस्ट, धुरी, यांतलं काही तिथे लावू नये. तिथली त्वचा पापणीइतकी नाजूक आहे. रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर ‘बवासीर एक इंजेक्शन में जड़ से खत्म’ असं लिहिलेलं दिसतं, तिथे तर पाऊलही टाकू नका. अप्रशिक्षित माणसाने चुकीच्या जागी इंजेक्शन दिलं तर जखम सडते, मार्ग आकसतो, आणि पुढे आयुष्यभर शौचाचा त्रास राहतो. आयुर्वेदाचं क्षारसूत्र (औषधी क्षार लावलेल्या दोऱ्याचा उपचार) शिकलेला शल्यतंत्राचा पदवीधर वैद्य वेगळा, आणि नाव-नोंदणी नसलेला खोलीवाला वेगळा. दाराच्या पाटीवर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, मूळव्याध फार जणींना होते. पोटाचा भार, संप्रेरकांमुळे मंदावलेलं आतडं आणि वर लोहाच्या गोळ्या. गोळ्या बंद करायच्या नाहीत, प्रकार बदलून मिळू शकतो, डॉक्टरांना विचारा. डाव्या कुशीवर झोपावं, चोथा आणि पाणी वाढवावं, कोमट पाण्यात बसावं. बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास काही आठवड्यांत उतरतो. बाळंतिणीला नुसता तूप-भात आणि शिरा देण्यापेक्षा पालेभाजी आणि भाकरी द्या. कुंथावं लागलं तर टाक्यांनाही त्रास होतो.

घरी भागत नसेल तर

सहा-आठ आठवडे हे सगळं नीट केलं आणि तरी रक्त येतंय, किंवा कोंब रोज हाताने ढकलावा लागतोय, तर लगेच मोठं ऑपरेशनच लागेल असं नाही. पहिल्या-दुसऱ्या आणि काही तिसऱ्या पायरीच्या मूळव्याधीला रबर बँड लावतात. कोंबाच्या बुडाशी छोटं रबराचं कडं बसवलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो सुकून पडतो. कडं त्या सीमारेषेच्या वर बसवतात, जिथे वेदना कळत नाही, म्हणून भूल लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. एका वेळी सगळे कोंब न बांधता काही आठवड्यांच्या अंतराने बोलावतात. मोठ्या, न जाणाऱ्या कोंबांसाठी शस्त्रक्रिया आहे, स्टेपलर आहे, लेझर आहे. कुठलं कुणाला लागेल हे पायरीवर ठरतं. लेझर नवं आहे म्हणून ते प्रत्येकाला बरं असं नसतं. कुणी पहिल्याच भेटीत, तपासणी न करता, लेझरचं पॅकेज सांगत असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

बँड लावल्यावर एक-दोन दिवस जडपणा वाटतो आणि शौचाला आल्यासारखं वाटत राहतं. तेव्हा जोर लावायचा नाही, कोमट पाण्यात बसायचं, इसबगोल चालू ठेवायचं. पाच ते दहा दिवसांत बँड कोंबासकट गळून पडतो, त्या वेळी थोडं रक्त दिसू शकतं. पण ताप आला, दुखणं वाढत गेलं, लघवी अडली किंवा रक्त थांबेना, तर रात्र असली तरी बँड लावला तिथे किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं.